गालावरची रेघ

सकाळी भिंगरी उठली तेव्हा तिचा उजवा गाल जरासा सुजलेला होता. आत्याला वाटलं, रात्रभर एकाच कुशीवर झोपली असेल. पण न्याहारीची वेळ टळली तरी गाल उतरेना. उलट कुणी आतून लिंबू दडवावं तसा तो टरारून वर आला, आणि हात लावायला गेलं की भिंगरी मान झटकायची.

भिंगरी चार वर्षांची. एका जागी बसणं तिला माहीतच नव्हतं, म्हणून ते नाव पडलेलं. खरं नाव फक्त बालवाडीच्या बाईंच्या तोंडी असायचं. तिची आई शहरात बस चालवायची आणि पहिली पाळी असली की अंधारातच घराबाहेर पडायची. बाबा काचेच्या दुकानात खिडक्यांच्या काचा आणि आरसे मापाने कापून द्यायचा. दिवसभर भिंगरी आत्याजवळ. आत्या म्हणजे बाबाची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती भावाकडे राहायला आली होती. तिला स्वतःचं मूल नव्हतं. घरी बसून ती पडदे आणि उशांचे अभ्रे शिवायची, आणि मशीनखालच्या चिंध्यांत भिंगरीचा संसार असायचा.

त्या दिवशी भिंगरी चिंध्यांकडे फिरकलीसुद्धा नाही. पलंगाच्या कडेला गाल धरून बसून राहिली.

"मुंगी चावतेय," ती म्हणाली.

दाढेत मुंगी आहे, असं ती बरेच दिवस म्हणत होती. त्यावर सगळे हसले होते. बाबाने तर "आ कर, उडवून लावतो तिला," म्हणून तोंडात फुंकरही मारली होती.

आत्याने टॉवेलची घडी तव्यावर गरम करून गाल शेकायला घेतला. शेकलं की सूज उतरते, एवढं तिला ठाऊक होतं. पण एकेका शेकासरशी गाल आणखी लाल होत गेला. दुपारी अंगही तापलं. वरणभाताचा घास भिंगरीने तोंडाशीच अडवला.

"बाटली," ती हळूच म्हणाली.

दूध प्यायची बाटली आईने केव्हाच बंद केली होती. "आता पेल्याने प्यायचं," असं सांगून तिने स्वतःच्या हाताने ती कचऱ्यात टाकली होती. पण आत्याने दुसरी आणून कपाटात दोऱ्यांच्या डब्यामागे लपवली होती. दुपारी ही पोर डोळा मिटायचं नाव घ्यायची नाही. साखर घालून कोमट दूध दिलं की चोखता चोखता झोपून जायची. त्या दुपारीही तसंच झालं. निपल तोंडातच ठेवून भिंगरी झोपली.

झोप फार टिकली नाही. कण्हत उठली तेव्हा तिचा उजवा डोळा अर्धा मिटलेला होता. सूज पापणीखाली पोचली होती. आत्याने हातातलं शिवणकाम बाजूला टाकलं. तिने भावाला फोन लावला. "असशील तसा ये," एवढंच तिला बोलता आलं.

बाबा आला, त्याने लेकीकडे एकदा बघितलं आणि तिला तशीच उचलली. कोपऱ्यावरच्या इमारतीत दातांचा दवाखाना होता. येता-जाता त्याची पाटी त्याने हजारदा वाचली होती, पण पायरी कधी चढला नव्हता. दात दुखला की लवंग धरायची आणि दुसऱ्या बाजूने चावायचं, एवढंच त्याचं दंतशास्त्र.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, बोलायला मोकळ्या होत्या. भिंगरीला पाहताच मात्र त्यांनी खुर्चीवरच्या पेशंटला थांबायला सांगितलं. बाबाच्या मांडीवरच तिचं डोकं टेकवून त्यांनी बॅटरीने तोंडात पाहिलं. भिंगरी किंचाळली. बाबाने नजर दुसरीकडे फिरवली.

"दाढ किडून मुळाशी पू झालाय," बाई म्हणाल्या. "तो आता गालात पसरतोय. हे माझ्या हातात नाही. मोठ्या दवाखान्यात न्या. आत्ता."

"पण दुधाचेच दात ना डॉक्टर? पडणारच आहेत की ते."

"पडतील तेव्हा पडतील. आत्ता ते जबड्यातच आहेत, आणि आतला पू डोळ्याकडे चाललाय. शेक दिलात का?"

तव्यावर टॉवेल बघितल्याचं आठवून बाबाने मान डोलावली.

"आता देऊ नका. खायला-प्यायलाही काही देऊ नका. मी तिथे फोन करून ठेवते."

"तिच्या आईला विचारून..."

"आईला वाटेतून सांगा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि त्यानेच बाबा जास्त घाबरला.

रस्त्यावर एक रिक्षा धड थांबेना. शाळा सुटायची वेळ. गाड्यांची रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती. बसची मार्गिका तेवढी मोकळी होती. भिंगरीची आई याच रस्त्याने बस घेऊन जायची, त्या दिवशी तर दोन्ही पाळ्या तिच्याकडेच होत्या, आणि ती बस मोठ्या दवाखान्यावरून पुढे जायची. बायकोला फोन लावण्यात अर्थ नव्हता. गाडी चालवताना तिचा फोन बंद असायचा. बाबा स्टॉपवर जाऊन उभा राहिला. पहिली आली ती दुसऱ्याच मार्गाची. तिच्यामागे आईची बस दिसली.

दार उघडलं. आई नेहमीसारखी हसायला गेली आणि तिचं हसू अर्ध्यावर थांबलं.

"काय झालंय तिला?"

"दाढ. मोठ्या दवाखान्यात न्यायचंय, लगेच. डोळ्यापर्यंत सूज चढलीय."

"आई," भिंगरीने हात पुढे केले.

मागून माणसं चढायला रेटत होती. आईचे दोन्ही हात चाकावरून सुटले आणि परत चाकावर गेले. "माझ्या मागच्या सीटवर बस," ती नवऱ्याला म्हणाली. "घट्ट धर तिला."

बस निघाली. आई समोरच्या आरशात बघायची, रस्त्याकडे बघायची, परत आरशात. मागून भिंगरीचं कण्हणं ऐकू येत होतं. प्रत्येक स्टॉप घ्यावाच लागत होता. एका स्टॉपवर एक म्हातारबुवा पायरीवर उभं राहून बाजाराला हीच बस जाते का, याची चौकशी करत बसले. पुढच्या स्टॉपवर एक मुलगी धावत आली, तिच्यासाठी थांबावं लागलं. मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, वरात निघालीय काय?" आईने दार मिटलं आणि गाडी काढली.

सिग्नलला तिने वायरलेस उचलला. "माझी मुलगी गाडीत आहे, तब्येत बिघडलीय. दवाखान्याच्या स्टॉपवर बदली चालक मिळेल का?"

खरखर झाली आणि पलीकडून आवाज आला, "बदली शेवटच्या स्टॉपलाच आहे. तिथपर्यंत आणता येईल का? नसेल तर गाडी बाजूला घ्या, प्रवासी उतरवा."

आईने आरशात पाहिलं. बस खचाखच भरली होती. दप्तरं घेतलेली पोरं उभ्यानेच लोंबकळत होती. त्यांना भर रस्त्यात कुठे उतरवणार?

"आणते," ती म्हणाली.

मागे बसलेल्या बाबाने ते ऐकलं. त्याच्या कपाळाची शीर ताडताड उडायला लागली, पण मांडीवर लेक होती आणि भोवती माणसं.

दवाखान्याचा स्टॉप आला. बाबा भिंगरीला घेऊन उठला. आईने सीटवरून वळून लेकीचं पाऊल मुठीत धरलं. तळवा तापला होता.

"मी आलेच," ती म्हणाली.

भिंगरीने "आई, आई" असा आकांत मांडला. बाबा उतरला. दार मिटलं. बस पुढे गेली, आणि काचेतून त्याला फक्त आईची पाठ दिसली.

डॉक्टरीणबाईंचा फोन आलेला असल्यामुळे आत कुणी ताटकळत ठेवलं नाही. सिस्टरने भिंगरीच्या हातात सुई टोचून सलाइन लावलं, त्यातून औषध सुरू केलं. तेव्हा तिला धरून ठेवायचं काम बाबाकडे आलं. काचेची कड धरतात तसं त्याने तिचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

मग मुलांच्या दातांचा एक तरुण, उंच डॉक्टर आला. गाल, पापणी, गळा सगळं नीट चाचपून त्याने खिशातून निळं पेन काढलं आणि सुजेच्या काठाकाठाने भिंगरीच्या चेहऱ्यावर रेघ ओढली. गालावरून कानाकडे, तिथून डोळ्याखालून नाकापर्यंत.

"लाली या रेघेच्या बाहेर गेली तर मला लगेच हाक मारायची," तो म्हणाला. "डोळा हलवताना दुखला, गिळता येईना, तरीसुद्धा. भूल देऊन दाढ काढायची आणि पू मोकळा करायचा. हिने शेवटचं काय खाल्लं-प्यायलं?"

बाबाने आत्याला फोन लावला.

"ताई, दुपारी काय खाल्लं तिनं?"

"काही नाही रे. घाससुद्धा शिवला नाही."

"दूध वगैरे?"

"नाही."

बाबाने तसंच सांगितलं. डॉक्टर म्हणाला, मग थांबायला नको, लगेच घेऊ. सिस्टरने भिंगरीचा फ्रॉक काढून दवाखान्याचा झगा घातला. तो तिच्या पावलांखाली लोळत होता. ढकलगाडी आली.

तिकडे घरी आत्या मशीनसमोर बसली होती. पायडलवर पाय होता, पण सुईखाली कापड नव्हतं. धुवायची राहिलेली बाटली ओट्यावर तशीच पडली होती. वहिनीला कळलं तर काय होईल, या विचाराने तिच्या तोंडून "नाही" निघून गेलं होतं. भाऊ दुधाबद्दल मुद्दाम का विचारतोय, हे तिला तेव्हा कळलं नव्हतं. आता वाटलं, उगाच नसेल विचारलं. तिने फोन उचलला, ठेवला, आणि परत उचलला.

बाबा ढकलगाडीबरोबर चालत होता तेव्हा खिशात फोन वाजला.

"अरे, थांब," आत्या रडत होती. "दिली होती. बाटली दिली होती मी. साखर घालून. तुला बोलावलं ना, त्याच्या जरा आधी."

बाबा ओरडला, "सिस्टर! थांबा! दूध प्यायलीय ती!"

ढकलगाडी जागच्या जागी थांबली. डॉक्टरने कपाळावरून हात फिरवला.

"बरं झालं सांगितलंत. भुलीत उलटी होऊन दूध फुप्फुसात गेलं असतं, तर..." त्याने मनगटावरचं घड्याळ बघितलं. "पोट रिकामं व्हायला वेळ द्यावा लागेल. तोवर औषध चालू राहील. तुम्ही त्या रेघेवर नजर ठेवा."

मग ती वाट बघणं सुरू झालं. भिंगरी ग्लानीत होती, आणि बाबा खुर्ची पलंगाला चिकटवून निळ्या रेघेकडे टक लावून बसला होता. बघून बघून डोळ्यांना पाणी येई. मग वाटे, लाली सरकली. पुसून पाहिलं की वाटे, नाही, आहे तिथेच आहे.

आई आली ती गणवेशातच. शेवटच्या स्टॉपवरून मिळेल ती गाडी पकडून, उरलेलं अंतर धावत. लेकीच्या तोंडावरची रेघ पाहून ती दारातच थबकली. बाबाने सगळं सांगितलं. बाटलीचा शब्द आला आणि आईचा चेहरा बदलला.

"बाटली? बाटली मी टाकून दिली होती."

"ताईने दुसरी आणली होती."

"माझ्या घरात, माझ्या मागे... आणि फोनवर खोटं बोलल्या? माझ्या पोरीच्या जिवावर?"

"तिनेच परत फोन केला."

"मोठे उपकार केले!"

"आणि तू?" बाबाच्या मनात दुपारपासून साचलेलं बाहेर पडलं. "पोरगी टाहो फोडत होती आणि तू दार लावून निघून गेलीस."

"माझ्या मागे पन्नास माणसं होती. आणि तू होतास तिच्याजवळ, म्हणून गेले. तू नसतास तर गाडी तिथेच सोडली असती. कळतंय तुला?"

बाजूच्या पलंगावरची बाई भिंतीकडे तोंड करून पडली. सिस्टर आत आली, दोघांकडे एक नजर टाकून सलाइन तपासायला लागली. "रात्रीपण बाटली असते का हिला?" तिने सहज विचारलं. "पुढचे चारही दात हिरडीजवळ किडीने खाल्लेत. हे दुपारच्या एका बाटलीचं वाटत नाही."

"छे. रात्री ती माझ्याजवळ झोपते," आई म्हणाली.

बाबा खाली बघत होता.

"काय?" आईने विचारलं. "बोल."

"ती रात्री उठते. तुला पहाटे निघायचं असतं. तिच्या रडण्याने तुझी झोप मोडू नये म्हणून मी... ताईची बाटली मला सापडली होती. ताईला माहीत नाही. दूध देऊन, धुऊन परत डब्यामागे ठेवायचो."

"साखर?"

"थोडीच."

आई पलंगाच्या कडेला बसली. बोलली ती लेकीकडे बघत.

"बालवाडीत तपासणी झाली होती. दातांवर डाग आहेत, दाखवून आणा, असं सांगितलं होतं मला. मी म्हटलं, दुधाचे आहेत, पडून जातील. कशाला पोरीला रडवायचं? मग विसरूनच गेले. दात घासायचे तेही तिच्या भरवशावर. ब्रश चघळून यायची आणि मी शाबासकी द्यायचे."

सिस्टर भिंगरीची उशी सारखी करून निघून गेली.

लाली सरकली ती आईलाच आधी दिसली. रस्त्यावर नजर ठेवून तयार झालेला तिचा डोळा. डोळ्याच्या कोपऱ्याखाली, नाकाच्या बाजूला, निळ्या रेघेच्या वर तांबूस झाक आली होती.

"बघ. बाहेर गेलंय."

"सावली असेल."

"सावली नाही ती!" आई दाराकडे धावली. "डॉक्टर! डॉक्टर!"

डॉक्टरने वाकून पाहिलं आणि आता थांबायचं नाही, असं सांगितलं. भूल देणाऱ्या डॉक्टर ठेंगण्या, हसऱ्या होत्या. "पोट पुरतं रिकामं झालेलं नाही," त्या म्हणाल्या, "पण ठाऊक आहे ना आपल्याला, म्हणजे तशी तयारी ठेवता येते. ठाऊक नसतं तर पंचाईत होती."

दारापर्यंत दोघं गेली. भिंगरीची मूठ आईच्या गणवेशाच्या बटणात अडकली होती. एकेक बोट सोडवावं लागलं. दार बंद झालं.

बाहेरच्या बाकावर दोघं शेजारी बसली, पण मध्ये हातभर जागा सोडून. थोड्या वेळाने जिन्याच्या तोंडाशी आत्या दिसली. घरच्याच कपड्यांत, पदराला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. ती पुढे आली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली. बाबाने जागा दाखवली, तरी तिने नको म्हणून मान हलवली. आईने तिकडे पाहिलंच नाही. त्या बंद दारामागे काय चाललंय ते कुणालाच कळत नव्हतं, आणि आत जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे तिघंही एकाच वेळी माना वर करून बघत होती.

शेवटी उंच डॉक्टर बाहेर आला. तोंडावरचा मास्क त्याने खाली ओढला.

"झालं. दोन दाढा काढल्या, पू निघालाय. छाती साफ आहे. डोळ्याला काही झालेलं नाही. दोन-तीन दिवस इथे ठेवू."

आई हुंदका देऊन रडायला लागली. बाबाने मधली हातभर जागा ओलांडून तिला जवळ घेतलं. जिन्याशी आत्या खाली बसली आणि तिने तोंडात पदर कोंबला.

दुसऱ्या दिवशी भिंगरीचा डोळा उघडला. गाल उतरल्यावर जीभ घालून तिने काढलेल्या दाढांची जागा तपासली आणि "इथे खोली झाली," असं जाहीर केलं.

घरी आल्यावर बाटली गेली. रात्री पाणी, तेही पेल्यातून. पहिले काही दिवस भिंगरीने घर डोक्यावर घेतलं. दात घासायला आता मोठं माणूस लागायचं. वाटाण्याच्या दाण्याएवढी पेस्ट आणि मांडीवर डोकं. आई आत्याशी कामापुरतं बोलायची. मीठ संपलंय, दार लावून घ्या, एवढंच. आत्याही मान खाली घालून वावरायची. एकदा तिने भावाला विचारलं, "मी दुसरीकडे खोली बघू का?" ते आईने स्वयंपाकघरातून ऐकलं आणि तिथूनच म्हणाली, "दुपारी पोरीचे दात कोण घासणार मग?"

मग कोपऱ्यावरच्या दवाखान्यात पुढचे दात दाखवायला न्यायचा दिवस आला. आईने सुट्टी घेतली होती. निघताना ती आत्याला म्हणाली, "चला तुम्हीपण."

खुर्ची दिसताच भिंगरीने ओठ असे आवळले की डॉक्टरीणबाईंची सगळी गोडीगुलाबी फुकट गेली. आई समजावून थकली. बाबा घामाघूम झाला. बाई म्हणाल्या, राहू दे, जबरदस्ती नको.

तेव्हा आत्या पुढे झाली, चपला काढल्या आणि खुर्चीत जाऊन बसली. तिचे पाय जमिनीवर टेकत नव्हते.

"आधी माझे बघा," ती म्हणाली. "साठी आली, पण अजून कुणाला दाखवले नाहीत."

तिने डोळे गच्च मिटून तोंड उघडलं. दोन्ही हातांनी खुर्चीचे हात इतके आवळले होते की बोटांची पेरं पांढरी पडली. बाईंनी छोटा आरसा आत घातला. भिंगरी एक पाऊल पुढे सरकली. मग आणखी एक. टाचा उंचावून तिने आत्याच्या तोंडात डोकावलं.

"आई गं!" ती ओरडली. "आत्याच्यात तर माझ्यापेक्षा जास्त भोकं आहेत!"

आत्याला हसूही येईना आणि तोंडही मिटता येईना. आई मात्र हसली. गाल सुजला त्या दिवसानंतर पहिल्यांदाच, खदखदून, भिंतीला हात टेकून.

भिंगरीचे दात त्या दिवशी बघायचे राहूनच गेले. डॉक्टरीणबाईंनी पुढच्या आठवड्यात दोघींना बोलावलं.